कैखुश्रूचा उंट

आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाला आई 'बोटीचं टेबल' म्हणते. बाबांनी टेबल आणलं नव्हतं, फळ्या आणल्या होत्या. रे रोडच्या दारूखान्यात जुन्या बोटी फोडत, तिथून. मी तेव्हा चौथीत होते. एका रविवारी दुपारी बाबा हातगाडीवाल्याबरोबर चार लांबलचक, काळपट, मिठाने पांढुरक्या पडलेल्या फळ्या घेऊन चाळीच्या दारात उभे राहिले. आईने गॅलरीतूनच विचारलं, "हे सरपण कोणासाठी?"

मग मिस्त्री आले. रंध्याने वरचा थर निघाला तसा आतून मधाचा रंग वर आला आणि गॅलरीभर वास पसरला. तेलकट, कोरडा, थोडासा नव्या चामड्यासारखा. फळ्यांना ठिकठिकाणी खिळ्यांची भोकं होती. एका भोकात तुटका खिळा अडकून बसला होता. मिस्त्रींनी तो पकडीने उपसून माझ्या तळहातावर ठेवला. टोपी गंजून गेली होती, पण लाकडाच्या आत राहिलेला भाग अजून घट्ट, धारदार. "साग खिळा खात नाही," ते म्हणाले. मग आईकडे बघून, "वहिनी, या लाकडाने एवढं पाणी बघितलंय की आता आमटी सांडली तरी त्याला काय फरक पडणार नाही."

भोकं त्यांनी बुजवली. बाबांच्या आग्रहाखातर एक तसंच ठेवलं. त्या भोकातून मी नकोसे वाटाणे खाली सोडायचे.

हे सगळं मी विसरून गेले होते. आठवलं ते कितीतरी वर्षांनी, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर. न्यूकॅसलला मावसभावाकडे गेले होते. तो म्हणाला, "चल, तुला मुंबई दाखवतो," आणि तासाभराच्या अंतरावर हार्टलपूल नावाच्या गावी घेऊन गेला. तिथल्या जुन्या गोदीत ट्रिंकोमाली नावाचं शिडाचं लढाऊ जहाज जपून ठेवलं आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेलं, अख्खं मलबारी सागवानाचं, दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर तरंगणारं. शिडी उतरून खालच्या मजल्यावर गेले, वाकून एका वाशाला हात लावला, आणि तो वास आला. आमच्या गॅलरीतला.

पाटीवर तारीख होती, १२ ऑक्टोबर १८१७. जहाज पाण्यात सोडल्याचा दिवस. मी मनातल्या मनात मोजलं. त्यानंतर चोविसाव्या दिवशी खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला. म्हणजे मुंबईत हे जहाज पाण्यात उतरत होतं तेव्हा पुण्यात बाजीरावाच्या वाड्यात रात्री-बेरात्री खलबतं चालली असणार. दोन्ही गावांमध्ये अंतर किती, तर एका घाटाचं. हा हिशेब मी भावाला सांगितला नाही. तो तोफांचे फोटो काढण्यात रमला होता.

लढाऊ जहाजाचं कौतुक आपोआप होतं. त्याला तोफा असतात, झेंडा असतो, बाहेर दुकानात त्याची छोटी प्रतिकृती मिळते. मला मात्र घरी परतल्यावर वेगळाच नाद लागला. मुंबईच्या गोदीत ज्यांच्या नशिबी लढाई नव्हती, नुसतं ओझं होतं, अशा जहाजांचं पुढे काय झालं हे शोधायचं. त्यात मला एक सापडलं, आणि गेली दोन-तीन वर्षं मी त्याच्याच मागे आहे. त्याचं नाव कैखुश्रू.

कैखुश्रू म्हणजे इराणच्या जुन्या राजकथांतला न्यायी राजा. ऐन वैभवात असताना त्याने राज्य सोडलं, डोंगराकडे चालत गेला आणि तिथेच दिसेनासा झाला, अशी कथा आहे. पारशी घरांत हे नाव आजही ठेवतात. इंग्रजांच्या दप्तरात ते इतक्या चमत्कारिक स्पेलिंगने लिहिलंय की दोनदा मोठ्याने वाचल्याशिवाय ओळखू येत नाही. १७९९ साली मुंबईच्या गोदीत हे जहाज तयार झालं. हजारेक टनांचं, व्यापारी, सागवानी. त्या साली टिपू पडला. पुण्यात नाना फडणवीस अजून हयात होते, पण त्यांचंही शेवटचंच वर्ष चालू होतं.

ही गोदी आजही आहे. फोर्टात लायन गेटच्या आत. आता ती नौदलाची असल्यामुळे तुम्ही-आम्ही दाराबाहेरूनच बघायची, आणि फोनही खिशातून काढायचा नाही. मी एकदा काढला होता. शिपायाने इतक्या शांतपणे मान हलवली की मी तो परत ठेवून दिला. लवजी नसरवानजी वाडिया हे सुतार-मिस्त्री १७३६ मध्ये सुरतेहून दहा सुतार घेऊन इथे आले. १७५० मध्ये इथली पहिली सुकी गोदी बांधून झाली. कैखुश्रूच्या वेळी गोदीचा कारभार लवजींचे नातू फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी हे दोघं मिळून बघत होते. वाडियांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, रस्त्यांना आणि इस्पितळांना आहेत. त्या दहा सुतारांची नाहीत.

मुंबईच्या बांधणीची एक खासियत होती. विलायतेत जहाजाच्या फळ्या एकमेकींना नुसत्या टेकवून ठोकायचे. इथे एका फळीला खाच पाडायची, दुसरीला तिच्यात बसेल असा काठ ठेवायचा, मधे राळ आणि कापूस भरायचा आणि मग दोघींना एकमेकींत बसवायचं. वेळ दुप्पट लागे, पण पाणी आत यायला वाट उरत नसे. त्यात लाकूड साग. विलायतेतल्या ओकमध्ये एक आम्ल असतं, ते लोखंडाचे खिळे हळूहळू खाऊन टाकतं. सागात तेल असतं, ते खिळ्याला जपतं. आमच्या मिस्त्रींनी जे एका वाक्यात सांगितलं ते ब्रिटिश नौदलाला पटायला अर्धं शतक लागलं. पटलं तेही नाइलाजाने. फ्रान्सशी वर्षानुवर्षं चाललेल्या लढाईत त्यांचे ओक संपत आले तेव्हा.

अशी जहाजं तेव्हा मुख्यतः चीनच्या फेऱ्या करत. गुजरातचा कापूस कॅन्टनला न्यायचा, तिकडून माल भरून परतायचं. कैखुश्रूही त्याच जातीचं. व्यापारी जहाजाचं पोट मोठं असतं, चाल संथ असते, आणि त्याला कुणी कविता करत नाही. हीच वाट ते पुढे चाललं असतं. पण १८०५ साली हिंदी महासागरातल्या ब्रिटिश आरमाराचा प्रमुख एडवर्ड पेल्यू याला जहाजांची चणचण भासत होती. मॉरिशसवरून सुटणारी फ्रेंच जहाजं कंपनीचा माल लुटत होती. विलायतेहून नवं जहाज मागवायचं म्हणजे वर्ष जाणार. त्याने सरळ बाजारातून घेतलं. कैखुश्रूवर तोफा चढल्या आणि एका इंग्रज अॅडमिरलच्या नावावरून त्याचं नाव पडलं हाऊ. चाळीस तोफांचं फ्रिगेट, म्हणजे चपळ लढाऊ जहाज.

आता इथून पुढची गोष्ट सांगताना माझी थोडी पंचाईत होते. या नव्या लढाऊ जहाजाला पहिलं महत्त्वाचं काम मिळालं ते लढाईचं नव्हतं. त्याने हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्ली याला घरी पोचवलं.

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही वेलस्ली म्हटलं की 'तैनाती फौज' हे दोन शब्द आठवतात, बहुतेक पाच मार्कांचा प्रश्न म्हणूनच. वसईचा तह त्याच्या काळातला, १८०२ च्या शेवटच्या दिवशी झालेला. पुढच्या वर्षी असईला त्याच्या भावाने शिंदे-भोसल्यांच्या फौजा मोडल्या, तिकडे दिल्ली आणि लासवारीला जनरल लेकने शिंद्यांचं उत्तरेतलं बळ संपवलं. एकटे यशवंतराव होळकर तेवढे हाताला लागेनात, आणि भरतपूरच्या किल्ल्यापुढे इंग्रजांनी चारदा डोकं आपटून घेतलं. या सगळ्याचा खर्च बघून लंडनमधल्या कंपनीच्या संचालकांचे डोळे पांढरे झाले. वेलस्लीच्या जागी म्हातारा कॉर्नवॉलिस पाठवला गेला, आणि ऑगस्ट १८०५ मध्ये वेलस्ली रुसल्यासारखा कलकत्त्याहून निघाला. बसला कशात, तर मुंबईच्या सुतारांनी फळीत फळी बसवून केलेल्या कैखुश्रूत.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जहाजाचा राग आला. खरंच आला. जहाजाचा राग येणं हा वेडेपणा, हे कळत होतं. पण रात्री अकराला ते पान वाचताना मी "अरे, याला कशाला नेलंस?" असं मोठ्याने म्हणाले आणि नवऱ्याने आतून विचारलं, कोणाशी बोलतेस.

त्या फेरीचा कप्तान होता जॉर्ज कोबर्न. या माणसाचं पुढचं आयुष्यही बघण्यासारखं आहे. १८१४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन शहराला आग लावणाऱ्यांत तो होता, आणि त्याच्या पुढच्या वर्षी नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर नेऊन सोडायचं काम त्याच्याकडे आलं. मोठ्या माणसांना समुद्रावरून पोचवण्याचा जणू त्याचा धंदाच झाला होता. वेलस्लीला तर त्याने जानेवारी १८०६ मध्ये सुखरूप पोचवलं.

लढाऊ जहाज म्हणून हाऊचं आयुष्य मात्र तिथेच आटोपलं. व्यापारी पोटाच्या जहाजावर तोफा चढवल्या म्हणून ते फ्रिगेटसारखं पळत नाही. थोड्याच काळात नौदलाने त्याच्या बऱ्याचशा तोफा उतरवल्या, खालचे मजले मालासाठी मोकळे केले आणि त्याला रसदीच्या कामाला लावलं. याच सुमारास त्याचं तिसरं बारसं झालं. ड्रोमेडरी. म्हणजे एका वशिंडाचा उंट.

राजाचा अॅडमिरल झाला होता, अॅडमिरलचा आता उंट झाला. यात कुणाचा अपमान करण्याचा हेतू नव्हता. रसदीच्या जहाजांना ओझ्याच्या जनावरांची नावं द्यायची नौदलाची पद्धतच होती. कॅमल होतं, बफेलो होतं. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण ती प्रामाणिक आहे. आपल्याकडे शिवकाळातल्या आरमारात लढाऊ गुराबा आणि गलबतांच्या जोडीला शिबाडं असत. शिबाड म्हणजे माल वाहणारं मोठं व्यापारी तारू. गुराबांवर पोवाडे झाले. शिबाडावरचा एखादा पोवाडा कुणाला ठाऊक असेल तर मला जरूर कळवा. जमिनीवरच्या फौजेतही तेच. पानिपताची गोष्ट सांगताना आपण बुणग्यांचं नाव काढतो ते दोष द्यायला. फौज चालते ती धान्याच्या गोण्यांवर, हे मात्र आपल्याला पानिपतावर उपाशी राहिल्यावरच कळलं.

रसदीचं जहाज काय काय वाही? नांगर, तागाचे दोरखंड, शिडांचं कापड, दारूगोळा, खारवलेलं मांस, बिस्किटं, रमची पिंपं, सुट्या डोलकाठ्या. आणि माणसं. पलटणी, गव्हर्नर, कैदी. कप्तान बहुतेक वेळा 'कॅप्टन' नसेच, मास्टर नावाचा खालच्या दर्जाचा अधिकारी असे. लढाई जिंकली की बक्षिसाचा वाटा मिळतो. दोरखंड वेळेवर पोचवल्याबद्दल कुणी वाटा देत नाही.

मे १८०९ मध्ये ड्रोमेडरी पोर्ट्समथहून ऑस्ट्रेलियाला निघालं. सिडनीच्या वसाहतीत लष्कराने बंड करून गव्हर्नर ब्लायला उचलून बाजूला केलं होतं. त्याच्या जागी लॅकलन मॅक्वारी जात होता, सोबत बायको एलिझाबेथ आणि ७३ वी पलटण. बरोबरीने दुसरं जहाज होतं हिंदोस्तान. तेही हिंदुस्थानातच, कलकत्त्याला बांधलेलं, तेही मूळचं व्यापारी आणि नंतर नौदलाने विकत घेतलेलं. हिंदोस्तानचा कप्तान जॉन पास्को. ट्राफल्गरच्या समुद्रलढाईच्या सकाळी अॅडमिरल नेल्सनचा तो प्रसिद्ध निशाणांचा संदेश काठीवर चढवणारा हाच. असा माणूसही चार वर्षांत रसदीच्या जहाजावर येतो, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

मॅक्वारीला मुंबई नवी नव्हती. १७८८ मध्ये तो पलटणीबरोबर इथे आला आणि त्याच्या आयुष्याची बरीच वर्षं इथे गेली. पहिलं लग्न त्याने मुंबईतच केलं, जेन जार्विसशी. ती १७९६ मध्ये मकाऊला वारली तेव्हा तिचा देह त्याने जहाजाने मुंबईला आणून पुरला. मी या माणसाबद्दल मन मऊ करायला लागले होते, तेवढ्यात पुढचं वाचलं. १७९५ मध्ये त्याने कोचीनच्या बाजारातून दोन लहान मुलगे गुलाम म्हणून विकत घेतले होते. एकाचं नाव त्याने जॉर्ज ठेवलं, आडनाव बायकोचं दिलं. जॉर्ज जार्विस. हा मुलगा त्याच्याबरोबर जगभर फिरला आणि सिडनीलाही गेला.

त्या जहाजाच्या पोटात हा तरुण कुठे झोपत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एलिझाबेथने त्या प्रवासाची रोजनिशी लिहिली. मदीरा, केप व्हर्दे, रिओ, केप ऑफ गुड होप, सात महिने. जॉर्जने काही लिहिलेलं नाही. भोवती सगळीकडे सागाचा तोच वास असणार. विकला गेला तेव्हा तो सहा-सात वर्षांचा होता. मलबारच्या किनाऱ्याची आठवण त्याला असेल की नसेल, पण लाकूड त्याच किनाऱ्याकडचं होतं.

२८ डिसेंबर १८०९ ला दोन्ही जहाजं सिडनीच्या बंदरात शिरली. मॅक्वारीने १ जानेवारी १८१० ला सूत्रं हाती घेतली आणि तुरुंगासारख्या वसाहतीचं गाव केलं. रस्ते, इस्पितळ, बँक, चलन. सिडनीत त्याचं नाव पावलोपावली आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या आठवणीत ते वेगळ्या कारणाने आहे. एप्रिल १८१६ मध्ये त्याच्याच हुकुमाने निघालेल्या शिपायांनी अॅपिनजवळ रात्री छापा घातला, त्यात बायका-मुलांसकट किमान चौदा माणसं मेली. म्हणजे पुन्हा तेच. उंटाने जे पाठीवर घातलं ते पोचवलं.

या जहाजाची मला सगळ्यात आवडणारी फेरी १८२० ची. त्या फेरीत कुणाचं राज्य गेलं नाही. जाताना कैदी होते, ते ऑस्ट्रेलियात उतरवले आणि मग जहाज न्यूझीलंडला गेलं. काम काय, तर डोलकाठ्या आणायच्या.

शिडाच्या जहाजाला डोलकाठी म्हणजे पाठीचा कणा. वादळात मोडली, तोफगोळ्याने तुटली, की दुसरी हवी. आणि ती काही कुठल्याही झाडाची होत नाही. ड्रोमेडरीला मिळालेलं माप असं होतं: लांबी ७४ ते ८४ फूट, जाडी २१ ते २३ इंच, आणि सरळसोट, गाठ नको. आमच्या चाळीच्या तीन मजल्यांपेक्षाही दोन-तीन मजले उंच अशी एकसंध काठी डोळ्यांसमोर आणा. युरोपात अशी झाडं बाल्टिकच्या जंगलांतून यायची, पण युद्धात तो रस्ता केव्हाही बंद होई. म्हणून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला शोध. आधी वाटलं होतं कहिकाटिया नावाचं झाड चालेल, पण ते लाकूड काही उपयोगाचं नाही असं लक्षात आलं. मग कौरी सापडला. कौरीचा बुंधा फांदी न फुटता खांबासारखा वर जातो. झाडं होती माओरींच्या जमिनीवर, उत्तरेला व्हांगारोआच्या खाडीत, आणि माओरी काही भोळे नव्हते. कोणतं झाड, कोणाच्या हद्दीतलं, त्याच्या बदल्यात काय, यावर दिवसेंदिवस घासाघीस चाले. याच खाडीत अकरा वर्षांपूर्वी बॉइड नावाचं जहाज जाळलं गेलं होतं, त्यामुळे इंग्रजही जपून होते. जहाज न्यूझीलंडमध्ये दहा महिने राहिलं. दहा महिने! लढाऊ जहाजाने एवढ्या वेळात दोन लढाया केल्या असत्या. हे मात्र चिखलातून ओंडके ओढत बसलं होतं.

त्याच वर्षी ड्रोमेडरीच्या जोडीला, त्याच कामासाठी आणखी एक जहाज आलं होतं. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तेही कलकत्त्याचं, १७९८ चं. मूळ नाव कुवेरा. म्हणजे आपला कुबेरच असणार. १८०४ मध्ये नौदलाने घेतलं आणि नाव ठेवलं मलबार. १८१५ मध्ये ते बदलून ठेवलं कोरोमंडल. म्हणजे देवांचा खजिनदार आधी हिंदुस्थानचा पश्चिम किनारा झाला, मग पूर्व. हे कोरोमंडल न्यूझीलंडच्या ज्या बंदरात काठ्यांसाठी थांबलं त्या बंदराला, गावाला आणि पुढे अख्ख्या द्वीपकल्पाला त्याचं नाव लागलं. माझी एक मैत्रीण ऑकलंडला असते, दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन कोरोमंडलला जाते. तिची कल्पना होती की कुणी मद्रासी माणूस तिथे जाऊन राहिला असेल. मी तिला सांगितलं की चोळमंडलाचं नाव तिथे एका हमाल जहाजाने नेलं. ती म्हणाली, "मग बफेलो बीच कसला?" मी म्हटलं, तोही तसलाच. बफेलो हे कलकत्त्याजवळ सालकियाला १८१३ साली हिंदोस्तान नावाने बांधलेलं व्यापारी जहाज. नौदलाने घेतलं तेव्हा त्यांच्याकडे एक हिंदोस्तान आधीच होतं, म्हणून हे झालं म्हैस. १८३६ मध्ये त्याने दक्षिण ऑस्ट्रेलियाचा पहिला गव्हर्नर पोचवला आणि २८ जुलै १८४० ला कौरीच्या काठ्या भरायला आलेलं असताना वादळात याच कोरोमंडल द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर फुटलं. कलकत्त्याच्या एका जहाजाच्या नावाच्या भूमीवर कलकत्त्याचं दुसरं जहाज येऊन निजलं, आणि वाळूला त्याचं नाव पडलं.

कैखुश्रूच्या वाट्याला असा किनारा आला नाही. त्याला शेवट मिळाला तो बर्म्युडात.

१८२६ मध्ये त्याला तिथे नेलं. अटलांटिकमधल्या त्या छोट्या बेटांवर नौदलाला मोठी गोदी बांधायची होती आणि ती बांधायला ब्रिटनमधून कैदी आणले जात होते. त्यांना ठेवायला तुरुंग बांधायच्या आधी जुनी जहाजं नांगरून ठेवली. आपल्याकडे अंदमान, तसं त्यांच्याकडे हे काळं पाणी, फक्त इथे पाण्याचा रंग फार सुंदर आहे. अशा जहाजाला चालायचं नसतं, म्हणून त्याच्या डोलकाठ्या उतरवतात आणि वर छप्पर घालतात. जगाच्या टोकाला जाऊन ज्याने दुसऱ्यांसाठी डोलकाठ्या आणल्या, त्याच्या स्वतःच्या काढून घेतल्या. कोरोमंडलही पुढच्याच वर्षी शेजारी येऊन उभं राहिलं. कुबेर आणि कैखुश्रू, दोघंही बोडके, पोटात झुल्यांवर दाटीवाटीने झोपलेले चोर आणि बंडखोर.

पाव शतक हे चाललं. दिवसभर चुनखडीचे दगड फोडायचे, रात्री जहाजात. १८४८ मध्ये जॉन मिचेल हा आयरिश बंडखोर पत्रकार इथे आणला गेला. आयर्लंडमध्ये दुष्काळाने माणसं मरत असताना त्याने सरकारवर तोंडभर लिहिलं होतं. त्याला चौदा वर्षांची हद्दपारी झाली. त्याचं बर्म्युडातलं बरंचसं वास्तव्य ड्रोमेडरीवरच्या एका खोलीत गेलं, आणि तिथे तो डायरी लिहीत असे. मला हे वाचून लोकमान्यांचं मंडाले आठवलं. वेलस्लीला ज्या लाकडाने पोचवलं त्याच लाकडात, त्रेचाळीस वर्षांनी, साम्राज्याला शिव्या देणारा एक माणूस बसून लिहीत होता. माझा त्या जहाजावरचा राग बहुधा त्या पानावर गेला. निदान कमी झाला.

१८६४ मध्ये ड्रोमेडरी फोडलं. मुंबईत पाण्यात उतरल्याला पासष्ट वर्षं झाली होती. ओकच्या जहाजाला एवढं आयुष्य क्वचितच मिळे. पुढे १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी ते जिथे उभं असायचं तिथला तळ चाळला. कैद्यांच्या हातून खाली पडलेल्या, कधी पहारेकऱ्याच्या भीतीने मुद्दाम टाकलेल्या वस्तू गाळात तशाच होत्या. चिलमी, नाणी, खेळायच्या सोंगट्या, हाडाचे आणि दगडाचे कोरीव नग. दिवसभर दगड फोडून आलेला माणूस रात्री पुन्हा दगडच हातात घेऊन त्याच्यावर नक्षी काढत बसायचा. फळीच्या फटीतून, भोकातून काहीबाही खाली सोडायचं, एवढं तर मलाही करता येत होतं.

लाकडाचं काय झालं? एवढा साग कुणी जाळला नसेल. बर्म्युडात कुणाच्या घरी एखादं दार, एखादी तुळई असेल, असं मी धरून चालते.

मागच्या दिवाळीत आईकडे गेले होते तेव्हा ही सगळी गोष्ट तिला टेबलापाशी बसून सांगितली. ती चकल्या डब्यात भरत होती. वेलस्लीपाशी आल्यावर म्हणाली, "मग बुडवायचं ना वाटेत." कैद्यांपाशी आल्यावर थोडा वेळ गप्प बसली. मग टेबलावरून हात फिरवत म्हणाली, "ह्याची बोट कुठली होती गं? तुझ्या बाबांनी विचारलं असेल."

बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. पण त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या माळ्यावर आहेत, आणि बाबा पै-पैसा लिहून ठेवणारे. दोन तास धूळ खाऊन ते पान सापडलं. रविवारचं. बोटीचं नाव नाही. लिहिलंय ते एवढंच:

लाकूड, दारूखाना, फळ्या ४ – २२०.
हातगाडी – १५.
मिस्त्री, आगाऊ – ५०.
गजरा – २.